एका खुर्चीने जपलेली शिल्लक

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. व्हीलचेअर म्हणा हवे तर. माझी डावी पायपट्टी वाकली आहे, हातांवरचे रेक्झिन फाटून आतला स्पंज दिसतो आणि वळताना मी कुरकुरते. माझ्यासारखीने आपली हकीकत सांगावी का, आणि ती कुणी ऐकावी का, हे मला नीट कळत नाही. पण ज्यांची हकीकत मला ठाऊक आहे, ती माणसे स्वतःहून काही सांगणाऱ्यांतली नव्हती. म्हणून मी सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोकळ नळ्या वाकवून, जोडून माझा सांगाडा तयार केला. चाकांच्या तारा ताणायचे काम एक बाई करत असे. एकेक तार ती नखाने वाजवून पाही आणि आवाज बसका आला की पुन्हा आवळी. सगळ्या तारा एका सुरात आल्यावर तिने मला कारखान्याच्या अंगणात ढकलून दिले. मी सरळ रेषेत धावत गेले. "ही लांब जाणार," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. तेव्हा मला वाटले, आपल्या नशिबी रस्तेच रस्ते असणार.

नशिबी एक खोली आली.

मदत कार्यालयाने मला एका रंगाऱ्याकडे दिले. घरांना, दुकानांना रंग देणे हा त्यांचा धंदा. भिंत रंगवताना बांबूंच्या परांचीवरून पडल्यामुळे त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली होती. सगळे त्यांना रंगारीकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. दोघे दुसऱ्या मजल्यावर राहत. जिना अरुंद, त्यात मध्येच काटकोनात वळलेला. मला घडी घालून वर नेले आणि काकांना दोन हमालांनी उचलून. त्यानंतर आम्ही दोघेही खाली उतरलो नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत, एवढाच माझा प्रवास.

खिडकीत बसून काका रस्त्यावरचे रंग तपासत.

"त्या शटरला अस्तर न मारताच रंग दिलाय. वर्षभरात पापुद्रे सुटतील."

"मग इथून ओरडून सांगा त्यांना," काकू म्हणत.

"इथून ओरडलो तर वेडा म्हणतील. खाली असतो, तर हळूच जाऊन सांगितलं असतं."

अशा वेळी काकूंची नजर गल्लीच्या टोकाकडे जाई. त्याच गल्लीत घड्याळजींच्या दुकानाशेजारी त्यांचीच एक खोली रिकामी होती. जरा अंधारी, पण रस्त्याला लागून, एकही पायरी नसलेली. भाडे इथल्याइतकेच होते. फक्त अनामत रक्कम एकदम द्यायची होती, आणि एकदम देण्यासाठी आधी साठवावी लागणार होती.

मित्रांनो, इथे मला एक नियम सांगायला हवा. काका-काकूंचे घर कार्यालयाच्या भत्त्यावर चाले. हातात ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे जमले, तर हा भत्ता बंद होई. जमलेले खाऊन संपले की मग पुन्हा सुरू. ती ठरावीक रक्कम घड्याळजींच्या अनामत रकमेपेक्षा बरीच लहान होती. म्हणजे नियमात राहून साठवले तर खाली उतरता येत नव्हते आणि खाली उतरण्याइतके साठवले तर नियम मोडत होता. ज्यांनी तो केला त्यांचाही काही विचार असेल. मी खुर्ची आहे, मला काय कळणार.

काकांना मात्र तो नियम पटत असे. ते मूळचे तसेच. काम संपल्यावर डब्याच्या तळाशी उरलेला रंगसुद्धा ते मालकाला परत करत. "मदत म्हणजे भिजणाऱ्याला दिलेली छत्री," ते म्हणत. "ऊन पडलं की परत करायची. साठवायची नसते."

"ऊन पडलंय की नाही, ते बघायला आधी बाहेर जायला हवं," काकू एकदा म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, काका पलंगावर असताना, काकूंनी माझ्या बसायच्या गादीची एक कड उसवली. आत कापडाची पुरचुंडी ठेवली आणि कड पुन्हा शिवून टाकली. मला त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी हो म्हटले असते का, कोण जाणे. पुढे ती कड पुन्हा पुन्हा उसवली गेली. पुरचुंडी फुगत गेली.

"या गादीला गाठ आलीय गं," काका कुरकुरत.

"कापूसच तो. बसून बसून गोळे होतात. तुम्ही काय फुलासारखे हलके आहात?"

"दे, उन्हात टाकू."

"टाकते," काकू म्हणत आणि टाकत नसत.

समोरची शेजारीण काकूंना भाजीवाल्याशी घासाघीस करताना बघे. "भत्तेवाल्यांना कशाला गं एवढी काटकसर? तुमचं तर दरमहा घरपोच येतं."

"घरपोच येतं आणि घरातच संपतं," काकू म्हणत आणि दार लावून घेत.

कार्यालयातून अधूनमधून पाहणीला एक मॅडम येत. बोलायला चांगल्या होत्या. स्टुलावर बसून प्रश्न विचारत, काका उत्तरे देत. रोख पैसे, बँकेतले पैसे, दागिने, असे ते प्रश्न असत, आणि सगळ्याला काका मान ताठ ठेवून "नाही" म्हणत. एकदा अशाच त्या आल्या, तेव्हा फार थकलेल्या होत्या. एकेक विचारायचे सोडून त्यांनी सगळे एकातच गुंडाळले.

"घरात शिल्लक काही असते का, काका?"

काका हसले. "म्हणजे काय? असतेच की. रोज असते. ही काही ना काही मागे ठेवतेच. अचानक कुणी आलं तर तोंड लपवायला नको."

मॅडमचे पेन थांबले.

मित्रांनो, आपल्या भाषेत शिल्लक पाकिटात असते तशी पातेल्यातही असते. त्या घरात उरलेल्या जेवणाला कधी शिळे म्हणत नसत. शिळे म्हटले की चव जाते, असे काकांचे मत होते. ते शिल्लक म्हणत. मॅडमनी विचारली पाकिटातली आणि काकांनी अभिमानाने सांगितली पातेल्यातली. गोष्ट इथेच हसण्यावारी गेली असती. पण ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंनी तिसराच अर्थ घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी काकांना विचारले.

"काय कधी कळलं?"

"गादीतलं."

"गादीत भाजी ठेवलीस तू?"

कुणीच हसले नाही. मॅडमनी काकूंकडे पाहिले, मग काकांकडे, मग माझ्याकडे. "काकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी पैशांचं विचारत होते. काका बहुतेक जेवणाचं सांगत होते."

काकू होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. मग त्यांनी सगळे सांगितले. घड्याळजींची खोली, अनामत रक्कम, पुरचुंडी. अनामतीला अजून थोडे कमी पडत होते, पण नियमातली रक्कम केव्हाच मागे पडली होती.

"म्हणजे ज्या पैशांवर मी बसलोय, ते नाहीत असं दर वेळी मीच यांना सांगत आलो?" काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं खोटं नसतं."

"आता झालं ना माहीत." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण आले कुठून? भत्त्यात उरतं कुठे?"

"जेवण उरलं की पैसे उरतात. आजचं उद्याला झालं की उद्याचं आणावं लागत नाही."

"आणि जेवण कसं उरतं? मी तर पोटभर जेवतो."

काकूंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा सोडले.

काका नजरेने मापे घेणारे होते. नुसती भिंत पाहून रंग किती लागेल ते सांगत. त्यांनी काकूंच्या मनगटाकडे पाहिले. रोज ताट पुढे करणारे, रोज त्यांना पलंगावरून माझ्यावर आणि माझ्यावरून पलंगावर घेणारे ते मनगट. मला वाटते, त्या दिवशी प्रथमच त्यांनी ते मापले.

मग मॅडमनी पेनाचे टोपण लावले.

"आज मोजलं तर मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "भत्ता थांबेल, आणि हे तुम्हाला खाऊन संपवावं लागेल. पण आज मला आणखी घरं करायची आहेत. गादी बघायला मी मंगळवारी आले तरी चालेल. तोवर जे योग्य कारणाला खर्च झालं असेल, ते मी मोजत नाही. काका, तुम्ही सांगाल तसं करते."

त्या काकूंना नव्हे, काकांना विचारत होत्या, कारण दर वेळी "नाही" त्यांनीच म्हटले होते. काकांचे दोन्ही हात माझ्या चाकांवर होते. चाके बोटभर पुढे जात होती, बोटभर मागे येत होती. उरलेला रंग परत करणारा हा माणूस. "आत्ताच मोजा" हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मला कळत होते. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही, की विनवले नाही.

"मंगळवारी या," काका म्हणाले.

त्यांच्या हातांखाली चाके थांबली.

काकू त्याच संध्याकाळी घड्याळजींकडे गेल्या. पैसे घेऊन परत येतात की काय, या विचाराने आम्ही दोघे वर खिडकीशी खिळून होतो. नंतर काकूंनी सांगितले ते असे. घड्याळजी म्हणाले, "कमी आहेत हे. घड्याळात एक काटा कमी असून चालतं का?" काकू म्हणाल्या, "तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे तर दोन्ही असून चालत नाहीत." घड्याळजींनी मान वळवून भिंतीकडे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. शेवटी ठरले ते असे, की उरलेल्या रकमेच्या बदल्यात त्या खोलीला रंग काकांनी द्यावा. हात पोचेल तिथपर्यंत.

मंगळवारी मॅडम आल्या. त्यांनी गादी उचलून पाहिली, दाबून पाहिली आणि "काही नाही" असे लिहिले. ते खरेच होते. तरी काका त्या वेळी मॅडमकडे पाहू शकले नाहीत.

मग आम्ही खाली उतरलो. रस्ता मी कल्पिला होता तसा गुळगुळीत नव्हता. खडी होती, खड्डे होते. काका कोपऱ्यापर्यंत गेले, इतकी माणसे जवळून पाहून बावरले आणि म्हणाले, "पुरे, घरी चल." दुसऱ्या दिवशी थोडे पुढे गेले. समोरची शेजारीण म्हणालीच, "बघा, भत्ता खाऊन जागा बदलली." काकांनी ते ऐकले आणि चाके पुढे ढकलली. काही दिवसांपूर्वी त्यांनीही कदाचित हेच म्हटले असते.

नव्या खोलीच्या भिंती खांद्याच्या उंचीपर्यंत पांढऱ्या झाल्या आणि वर तशाच काळपट राहिल्या. तिथे काकांनी एक नवी रीत पाडली. आधी काकूंचे ताट वाढायचे, आणि ते संपेपर्यंत आपण समोर बसायचे. काकू अंगाने भरू लागल्या. पातेली धुतल्यासारखी रिकामी होऊ लागली आणि त्या घरात पुन्हा कधी पैसे साठले नाहीत. माझे उजवे टायर फाटले तेव्हा नवे घ्यायला काहीच नव्हते. कार्यालयाकडून मिळेपर्यंत अख्खा हिवाळा काका दारात बसून राहिले आणि मी त्यांच्याखाली, रस्त्याला लागून, जागची न हलता.

मदतीवर जगणाऱ्यांनी साठवावे की नाही, असे तुम्ही मला विचारले तर मी गप्प बसेन. साठवले तेव्हा एक ताट अर्धे राहिले. साठवले नाही तेव्हा एक चाक बसले. यातले बरे कोणते, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असे पेन घेऊन कुणाच्या घरी जाईल. तुमच्याकडे काय आहे, हे जरूर विचारा. ते तुमचे कामच असेल. त्याबरोबर, तुम्हाला कुठे जायचे आहे, एवढेही विचारा.

काका गेल्यावर मला कार्यालयात परत देणे भाग होते. न्यायला गाडी येणार होती. काकूंनी ती नको म्हटली. त्यांनी मला स्वतः ढकलत नेले, रिकामीच, सगळा बाजार ओलांडून. तितक्या लांब मी त्याआधी कधी गेले नव्हते. खिडकीशी बसलेल्या कारकुनाने माझा क्रमांक पाहिला आणि विचारले, "काही सांगायचंय का?"

"तळमजल्यावरच्या कुणाला तरी द्या," काकू म्हणाल्या.

"तसं निवडता येत नाही, आजी. ज्याचा नंबर लागेल त्याला जाते."

"तरी बघा जमलं तर," काकू म्हणाल्या. "तिला चाकं आहेत."

मित्रांनो, माझेही मागणे तेवढेच आहे.