माझ्या पोटातला राखाडी कापूस

मालक, तुम्हाला ठाऊक होतं. गोण्यांवरचा छाप तुम्हीच खरवडून काढायला लावलात. तुमचं नाव मी घेत नाही. तुमचं तुम्हाला कळतंय.

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. पिरॅमिडांच्या गिझा शहरातल्या एका फिल्म स्टुडिओत, चित्रीकरणाच्या दालनाच्या भिंतीवर माझी जागा. लाकडी चौकट, तोंडावर भोकंच भोकं, पोटात राखाडी तंतू. रस्त्यावरचे हॉर्न अडवायला जाड भिंती आणि दुहेरी दारं आहेत. आतला घुमारा गिळणं हे माझं काम.

मला घडवलं उस्ता बिशाराने. सगळा स्टुडिओ त्या सुताराला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचा. तो गोणी फाडायचा, तंतू हाताने पिंजायचा आणि माझ्यात दाबून भरायचा. पिठासारखी धूळ उडे. नाकाला फडकं नाही. दुपारी त्याच गोण्या पसरून सगळे आडवे व्हायचे. "इतकी मऊ गादी माझ्या लग्नातही नव्हती," बिशारा म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

त्या तंतूंचं खरं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. तेव्हा ते मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

ध्वनिमुद्रक अदली साहेबांनी दालनाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. काहीच परत आलं नाही. "बिशारा, आवाजांचं कब्रस्तान बांधलंस रे," ते म्हणाले. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

पुढची तीस वर्षं कुणाची शिडी लागून मी फाटलो, की बिशाराच मला उघडायचा, वाकून आत बघायचा, नवे तंतू भरायचा. मग त्याला खोकला लागला. जिथे शंभर माणसं श्वास रोखून उभी असतात, तिथे खोकला लपत नाही. मी घुमारा गिळतो ना, म्हणून तो जास्तच उघडा पडायचा.

"उस्ता, छातीत कोंबडा पाळलायस का?" दिवेवाले विचारायचे.

"कोंबडा असता तर कधीच कापून खाल्ला असता."

एका दिवशी तिसऱ्यांदा दृश्य वाया गेलं. अदली साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बिशारा, तू बाहेर बस." तो बाहेर बसला. काही दिवसांनी, मालक, तुम्ही त्याला घरी बसवलंत. कागदावर कारण लिहिलंत, सिगारेटमुळे छाती खराब. त्या माणसाने जन्मात सिगारेट ओढली नाही.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी दिमयाना आली. म्हणाली, बाप शुब्रा वस्तीतल्या घरात भिंतीला टेकून बसूनच झोपतो, आडवं झालं की गुदमरतो. डॉक्टरांनी सांगितलंय, त्याने तीस वर्षं काय भरलं ते लेखी आणा. तरच हा आजार कामामुळे झाला अशी नोंद होईल. नाहीतर मरताना कपाळी सिगारेटच.

कोठाराचे कारकून हिल्मी वही घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. वहीत लिहिलं होतं, कापूस.

"कापूस होता, तर भरणाऱ्यांना रोज पेलाभर दूध कशाला पाजत होतात?" दिमयानाने विचारलं. "धूळ धुऊन जावी म्हणून ना? गादीवाल्याला कोणी दूध देतं का, काका?"

हिल्मींनी वही मिटली. "पोरी, माझ्या लग्नाचं कपाट तुझ्या बापाने केलंय. पण वरून हुकूम आहे."

"मग मीच बघते," म्हणत तिने माझ्या फाटलेल्या कोपऱ्याकडे हात नेला.

हिल्मींनी झडप घालून तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस त्याला."

मी इतके आवाज गिळले, ते वाक्य मला गिळता आलं नाही. ती निघून गेली. हिल्मी बराच वेळ हात झटकत होते.

मित्रांनो, जुन्या फलकाला भोक दिसलं तर बोट घालू नका, धूळ फुंकू नका. आत काय आहे ते मोठ्यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. वस्तूची निगा राखा म्हणतात. राखा. पण ती राखणाऱ्या माणसाची आधी राखा.

आणि तुम्ही, मालक. परवा मला नवा रंग द्यायला माणसं येताहेत म्हणे. रंग नको. जाणकार बोलवा, मला न फोडता खाली उतरवा, तपासा, आणि कापूस खोडून खरं नाव लिहा. एका ओळीचं काम आहे. बिशारा अजून जिवंत आहे, पण फार दिवस नाही. ती ओळ तुम्ही कधी लिहिणार?