कपाटाची प्रकृती उत्तम

आमच्या खात्याने पुलाची जेवढी काळजी घेतली, तेवढी सासवांनी सुनांची घेतली असती तर घराघरांत शांतता नांदली असती. पुलाखालचं पाणी खारं, म्हणून लोखंडी तुळयांना गंज आणि हादरे टिपणारे सेन्सर बसवले. गंज वाढला की माझ्या पडद्यावरची हिरवी पट्टी पिवळी होते, मग लाल. लाल झाली की पुलाच्या दोन्ही टोकांचे अडसर आपोआप खाली येतात, आणि खालून तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या बापाला ते उचलता येत नाहीत. त्या पडद्यापुढे डोळ्यांत तेल घालून बसायचा पगार मला मिळतो.

पट्टी पिवळी झाली होती आणि रोज थोडी गडद होत होती. मी रजेवर गेले. परत आले तर पट्टी हिरवीगार! तुळईला हात न लावता पूल ठणठणीत बरा झाला होता.

दुपारी शिपाईमामांनी चहाचे कप काढायला लोखंडी कपाट उघडलं आणि पडद्यावर पूल हादरला. त्यांनी दार लावलं, पूल पुन्हा हादरला. मी उठून पाहिलं. कपांच्या मागे, एसीच्या गारव्यात, सगळे सेन्सर कपाटाच्या पाठीला चिकटून आरामात बसले होते.

"साहेब, सेन्सर कपाटात आहेत!"

"मग? पुलावर दमट हवेने खराब होत होते. एवढी महागाची वस्तू! खोक्यावर स्वच्छ लिहिलंय, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे."

"ते बसवण्याआधीचं आहे, साहेब."

"पट्टी कशी आहे?"

"हिरवी. पण ती कपाटाची आहे."

"कपाटही खात्याचंच आहे ना? झालं तर मग."

साहेब इतके समाधानाने हसले की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागापेक्षा भीती मोठी होती. माझा नवरा बस चालवतो आणि त्याची गाडी दिवसभर त्याच पुलावरून ये-जा करते. आदल्याच दिवशी जेवताना तो म्हणाला होता, "अगं, मधल्या सांध्यावर गाडी हल्ली दणकन आदळते. मागची पोरं टाळ्या वाजवतात." मी त्याला फोन लावला.

"अहो, आज पुलावरून जाऊ नका."

"मग कुठून जाऊ, पोहत? डेपोत सांग तसं." आणि फोन बंद.

डब्यात काकडीबरोबर मिठाची पुडी होती. ती मी पेल्यातल्या पाण्यात रिकामी केली, कपाट उघडलं आणि पेला सेन्सरांवर ओतला. पुलाने जे खारं पाणी वर्षानुवर्षं सोसलं, ते कपाटाला पाच मिनिटंही सोसवलं नाही. पट्टी पिवळी झाली, मग लालभडक.

लगेच नवऱ्याचा फोन आला. "तुमच्या त्या पुलाने पार वाट लावली! गाडी गच्च भरलीय आणि तोंडाशी अडसर पडलाय!"

"हॉर्न वाजवा हवा तेवढा," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

तपासणीवाले खाली उतरले. मधल्या तुळईला इतकं मोठं भोक पडलं होतं की त्यातून हात आरपार गेला. पूल बंद झाला, तुळई बदलली, आणि ऐनवेळी इशारा दिल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. तंत्रज्ञानावर ते इतकं सुंदर बोलले की शिपाईमामांचे डोळे पाणावले.

आता पूल पुन्हा सुरू झालाय. "गाडी कशी लोण्यासारखी जाते," नवरा सांगतो. खारं पाणी खाली आहेच. सेन्सर मात्र कपाटातच आहेत, कारण साहेबांच्या मते त्यांनी तिथेच उत्तम काम केलं. एवढं मोलाचं कपाट उघडं कसं ठेवायचं, म्हणून त्याला कुलूपही लावलंय.

माझ्या पर्समध्ये मिठाची पुडी रोज असते. किल्ली साहेबांच्या खिशात असते.