मोठ्या खोलीतले पाहुणे

डोळे मिटा पाहू. आता मनातल्या मनात एक बसकं, निळ्या भिंतींचं घर उभं करा. अंगणात द्राक्षाचा मांडव, पण हिवाळा आहे, म्हणून वेली सुतळीसारख्या वाळलेल्या. फाटकाबाहेर विहीर, विहिरीपलीकडे रस्ता. घरात लहान लहान खोल्या, त्यांतच सगळी माणसं राहतात. आणि एक मोठी खोली, तिच्यात कोणीच राहत नाही.

तिचं दार कायम बंद. आत भिंतभर लोकरीचे गालिचे, काळ्यावर लाल गुलाब विणलेले. पलंगावर उशांची चळत, पार छताला टेकलेली. ही खोली पाहुण्यांची. लग्न, बारसं नाहीतर मरण, एवढ्यालाच ती उघडायची. मोल्दोव्हातल्या त्या गावात घरोघरी अशी खोली होती, आणि घरोघरची मुलं तिच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावूनच मोठी व्हायची.

दिसली खोली? मग त्या भोकाशी वाकून उभी असलेली मुलगीही दिसेल. तिचं नाव सांदा. वय नऊ. आतल्या उशा तिच्याच लग्नासाठी होत्या, तरी एकदा उशीच्या गोंड्याला हात लावला म्हणून तिने आईची चापटी खाल्ली होती.

फेब्रुवारी संपत आला होता. एके दिवशी पहाटे खिडकीच्या काचा थरथरल्या आणि सांदा जागी झाली.

"आजोबा, गडगडतंय."

"हिवाळ्यात गडगडत नसतं," आजोबा म्हणाले. झहारिया आजोबा चुलीजवळ बूट घालून बसले होते. इतक्या पहाटे बूट घातलेले आजोबा सांदाने कधी पाहिले नव्हते.

उजाडलं तेव्हा सगळ्या गावाला कळलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. युक्रेनची हद्द टेकडीच्या पलीकडेच, घोडागाडीनेसुद्धा दुपारच्या आत पोचता येईल इतकी जवळ. काचा हलल्या त्या तिथल्या स्फोटांनी.

विहिरीवर माणसं जमली. शेजारचे निकिफोर काका सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. त्यांचा मुलगा मॉस्कोत इमारतींवर गवंडीकाम करायचा.

"मी सांगतो, आपण गप्प बसायचं," निकिफोर काका म्हणाले. "हत्ती पिसाळलाय. मुंगीने मध्ये बोलू नये. युक्रेनची माणसं पळून इकडे आली तर पाणी द्या, रस्ता दाखवा आणि पुढे घालवा. घरात घेतलंत तर उद्या हत्ती विचारेल, कोणी घेतलं होतं?"

"आणि तू सांगशील, झहारियाने," आजोबा म्हणाले.

"सांगेन! माझा मुलगा आहे तिकडे!"

"बरं, सांग. पण माझं नाव नीट सांग. मागच्या वेळी कोंबडीच्या भांडणात ठाण्यावर चुकीचं सांगितलं होतंस."

माणसं हसली, पण लगेच गप्पही झाली. सांदाला ते हसणं जरा विचित्र वाटलं, भुकेल्या पोटी खाल्लेल्या आंबट सफरचंदासारखं.

घरी आईचा फोन वाजत होता. बाबा इटलीत होते, तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याची बाग सांभाळायचे. फोनमधून त्यांचा आवाज साऱ्या घरात ऐकू येत होता. "डोम्निका, पोरीला घे आणि नीघ. उद्या दुपारी गावातून मिनीबस रोमेनियाला जातेय, मी जागा सांगून ठेवल्यात. आज युक्रेन, उद्या आपण. आपल्याकडे आहे काय? मूठभर सैन्य आणि द्राक्षं!"

"आणि मामंजी?" आईने विचारलं.

आजोबांनी हात उडवला. "या घरावरून किती झेंडे आले नि गेले, मी खुर्चीची जागा बदलली नाही. तुम्ही जा."

आईने दोन पिशव्या भरल्या. एक मोठी, एक सांदाची. सांदाच्या पिशवीत लोकरीचे मोजे, शाळेचं पुस्तक आणि मार्चच्या पहिल्या दिवशी, वसंत आला म्हणून, सगळ्यांना देतात ते लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे. ते तिने स्वतः वळले होते. पिशव्या दाराजवळ उभ्या राहिल्या. जेवताना, दात घासताना, सांदाची नजर सारखी तिकडे जायची. आजोबा एकटे कसे राहतील? चुलीत लाकूड घालायला वाकले की त्यांना उठता येत नाही. कोण हात देणार?

तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "झोप." पण आई स्वतः झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांदा विहिरीवर गेली आणि बादली हातात तशीच राहिली.

रस्ता भरला होता. टेकडीच्या माथ्यापासून गावापर्यंत आणि गावापासून पुढे दिसेनासं होईपर्यंत गाड्याच गाड्या, एकीला एक लागून. टपांवर गाद्या बांधलेल्या. काचांवर कागद चिकटवलेले, त्यांवर लिहिलेलं, आत मुलं आहेत. हॉर्न कोणी वाजवत नव्हतं. एवढ्या गाड्या आणि एवढी शांतता! सांदाला वाटलं, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटवताना असतं तसं काहीतरी चाललंय, आणि आपण मध्येच बोलता कामा नये.

एक बाई गाडीतून उतरून फाटकाशी आली. अंगावर घरातला झगा, वर कोट. कडेवर तान्हं बाळ, हाताला सहा-सात वर्षांचा मुलगा.

"थोडं गरम पाणी मिळेल का? बाळाच्या दुधासाठी. आम्ही लगेच जाऊ."

"आत या, आत या," आई म्हणाली आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. बाईचं नाव झोया, मुलाचं मात्वी. नवरा सीमेवर त्यांना सोडून लढायला परत गेला होता. दोघी रशियनमध्ये बोलत होत्या, कारण दोघींना येणारी तीच भाषा होती. आईने दूध तापवताना बाळाला "उकळतंय हं, राजा" म्हटलं तेही त्याच भाषेत. भाषा बिचारी काय करणार? तिला कोणी विचारून रणगाडे पाठवले नव्हते.

आजोबा दारात येऊन उभे राहिले.

"डोम्निका, पाहुणे स्वयंपाकघरात?"

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. सांदाला कळलं, आणि आईलाही कळलं.

त्या गावाची एक रीत होती. वाटेवरचा माणूस स्वयंपाकघरात बसतो, पाहुणा मोठ्या खोलीत. आणि मोठ्या खोलीत पाहुणा आहे तोवर घरच्यांनी प्रवासाला निघायचं नाही. घरधनी निघाला की पाहुण्याला वाटतं, मलाच जा म्हणतायत. ही रीत फार कडक. मावशीचे दीर एकदा लग्नाला आले, पाय मोडून घेतला आणि चेरी पिकेपर्यंत राहिले. तेव्हा बाबांचं इटलीला जाणंसुद्धा तेवढं लांबलं होतं.

"मामंजी, लबाडी करू नका," आई हळूच म्हणाली. "बस दुपारी आहे."

"मी काय केलं? मी फक्त विचारलं."

"माझी पोर आहे माझ्या पदरात. उद्या इथेही तसंच झालं तर?"

आजोबा चुलीतलं लाकूड पुढे सरकवू लागले.

आईने बाळाला घेतलं, झोयाला कोट काढता यावा म्हणून. बाळाने थंडगार मूठ आईच्या गळ्याला लावली. मग आई बाळासकट देवाच्या तसबिरीकडे गेली, तिच्यामागे हात घातला आणि किल्ली काढली.

मोठ्या खोलीचं दार कुरकुरत उघडलं. आतून साठवलेल्या सफरचंदांचा, लोकरीचा आणि जुन्या थंडीचा वास आला. तिथली शेकोटी कित्येक वर्षांत पेटली नव्हती. आजोबांनी पेटवली तर सगळा धूर उलटा खोलीत. सगळे खोकायला लागले, मात्वी पहिल्यांदा हसला, आणि धूर बघून निकिफोर काका धावत आले.

"आग लागली काय रे झहारिया?"

"पाहुणे आलेत."

निकिफोर काकांनी आत डोकावलं. बाळ पाहिलं. टोपी हातात घेऊन चोळली. "ओली लाकडं जाळतोस म्हणून धूर होतो, गाढवा," एवढं बोलून निघून गेले, आणि थोड्या वेळाने ढकलगाडीभर वाळलेली लाकडं घेऊन आले.

"हत्तीने विचारलं तर?" आजोबा म्हणाले.

"तर सांगेन, लाकडं चोरीला गेली. चोराचं नाव झहारिया."

आई भोपळ्याची गरम पोळी घेऊन आत आली तर झोया मुलांना घेऊन खाली जमिनीवर बसलेली. पलंगाला तिने स्पर्शही केला नव्हता. मात्वीचे बूट तिने काढून कोटात गुंडाळले होते, गालिचाला चिखल लागू नये म्हणून.

"अहो, वर बसा ना!"

"नको. त्या उशा मुलीच्या आहेत ना?" झोयाने सांदाकडे बघितलं. "आमच्या घरीही आहे अशी खोली. गालिचे सासूबाईंनी विणलेत. निघताना मी तिला कुलूप लावलं." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "कुलूप कशाला लावलं कुणास ठाऊक! खिडक्या तर सगळ्या फुटल्या होत्या."

आईने स्टूल ओढलं, वर चढली आणि चळतीची सगळ्यांत वरची उशी काढली. मग दुसरी. मग सगळी चळतच ढासळली. छतापासून जमिनीपर्यंत पांढऱ्याशुभ्र उशांचा धबधबा, गोंड्यांसकट! ज्या आईने एका गोंड्यासाठी चापटी मारली होती, तीच आई उशा उचलून उचलून मात्वीच्या पाठीशी, बाळाच्या बाजूला, झोयाच्या मांडीखाली लावत होती. सांदाला आई एकदम खूप उंच वाटली. स्टुलावरून उतरल्यावरही.

तेवढ्यात बाहेर मिनीबसचा हॉर्न वाजला.

आई अंगणात गेली, सांदा तिच्या मागे. चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "चला ताई, लवकर! रस्ता बघताय ना!"

आईने दारातल्या पिशव्यांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. तिने हात एप्रनला पुसले.

"घरात पाहुणे आहेत," ती म्हणाली.

चालकाने डोक्यावरची टोपी काढली. "मोठ्या खोलीत?"

"मोठ्या खोलीत."

"मग झालंच की. माझ्याही घरी आलेत. त्यांना जा म्हटल्यासारखं वाटू नये म्हणून मी आजच परत फिरणार." त्याने रांगेकडे हनुवटी केली. "तुमच्या जागा यांच्यातल्या कुणाला देऊ? पुढे रोमेनियाला जायचंय अशी म्हातारी माणसं आहेत."

"द्या," आई म्हणाली.

बस गेली. आई विहिरीच्या कठड्याला टेकून रडली आणि मग तिथलंच गार पाणी तोंडावर मारून आत गेली. भीती काही गेली नव्हती. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा ते ओरडले, मग म्हणाले, "बाळाला नीट ऊब मिळतेय ना? ती शेकोटी धूर करते." आणि पुन्हा फोन करतो म्हणून ठेवून दिला.

उजेड अजून थोडा होता. सांदा आजोबांचा हात धरून फाटकापर्यंत गेली. रांग तशीच होती, आता दिवे लागलेली. टेकडीवरून दिव्यांची नदीच खाली उतरत होती. आणि रांगेच्या दोन्ही बाजूंना गावची माणसं! पोस्टातल्या बाई सुपाचं पातेलं घेऊन, शाळेचे शिपाई ब्रेड घेऊन, पाद्रीबुवा पांढऱ्या दाढीत बर्फ अडकलेले आणि खांद्यावर चादरी. सगळ्या घरांच्या मोठ्या खोल्यांची धुराडी धूर सोडत होती. इतकी धुराडी एकदम पेटलेली आजोबांनीही कधी पाहिली नव्हती.

"रेडिओवर सांगत होते," आजोबा म्हणाले, "पोलंडमध्येही असंच चाललंय. रोमेनियात, हंगेरीत, स्लोव्हाकियात. सगळे शेजारी."

सांदाने डोळे मिटले. तिला सगळ्या सीमेवर, एका देशापासून दुसऱ्या देशापर्यंत, दारंच दारं उघडी दिसली, आतून उजेड बाहेर पडत असलेली.

"पण आजोबा, एवढ्याने हत्ती थांबेल?"

"एवढ्याने नाही थांबणार," आजोबा म्हणाले. ते मुलांशी खोटं बोलत नसत. "त्यासाठी आणखी पुष्कळ लागेल, आणि ते मोठ्या मोठ्यांनी मिळून करायला हवं. पण दार फोडणारा एक असतो आणि उघडणारे पुष्कळ, हे तरी त्याला दिसू दे."

"छान बोललास," अंधारातून निकिफोर काकांचा आवाज आला. "चर्चच्या दारावर लिहून लाव. आणि आता जरा हे पातेलं धर, माझा हात मोडतोय."

सांदा घराकडे पळाली. दारात तिची पिशवी अजून तशीच उभी होती. तिने ती उघडली. लोकरीचे मोजे काढून मात्वीच्या उशीवर ठेवले. पुस्तक फळीवर ठेवलं. लाल-पांढरे गोंडे मुठीत घेतले. मग ती आपल्या छोट्या खोलीत गेली, आपली गादी झटकली, उशी सरळ केली, आणि अंथरुणावरची बाहुली उचलून खिडकीत बसवली.

नंतर ती पुन्हा रस्त्यावर आली. रांगेतल्या सगळ्यांत जवळच्या गाडीत एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर मांजराची टोपली घेऊन. सांदाने मुठीतला एक गोंडा काचेला लावून दाखवला आणि काचेवर टकटक केली.

"आजी," ती म्हणाली, "आमच्याकडे अजून एक खोली आहे. छोटी आहे, पण माझी आहे."