बंद दिसणारा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, बिडाचा, दोन हातांच्या ओंजळीपेक्षा थोडा मोठा. सध्या मी मुरबाडच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पडलो आहे. माझे चाक अजून फिरते आणि त्याचीच मला भीती वाटते. का, ते सांगतो.

१९९२ साली मला शहापूर तालुक्यातल्या खैरोली गावी आणले, पिण्याच्या पाण्याच्या नळावर बसवले. माझे काम सोपे होते. माझ्या पोटात एक पाती आहे. चाक एका बाजूला फिरवले की पाती वर जाते आणि पाणी सुटते. उलट फिरवले की ती खाली खाचेत बसते, पाणी थांबते. धाऊ नावाचा वॉलमन सकाळ-संध्याकाळ एक तास पाणी सोडायचा. तो मोजक्या शब्दांचा माणूस होता. चाक फिरवण्याआधी सदऱ्याच्या टोकाने ते पुसून घ्यायचा. ती सहा वर्षे मी अगदी निश्चिंत होतो.

खैरोलीच्या खाली एक ओढा आहे. ओढ्यापलीकडे मुरबाड तालुका, तिथले पहिले गाव पिंपळटेप. त्या गावाला भाताची जमीन भरपूर, पण दिवाळीनंतर पाण्याचा थेंब नाही. आणि खैरोलीत तर मुलींची आश्रमशाळा होती. तीनशे मुलींच्या आंघोळीचे, धुण्याचे पाणी रोज गटाराने ओढ्यात जात होते.

१९९८ साली दोन ग्रामपंचायती आणि शाळा यांनी मिळून एक ठराव केला. खैरोलीने टाक्यांसाठी जागा दिली. शाळेने आपले सांडपाणी दिले. पिंपळटेपच्या लोकांनी अंगमेहनत केली, चर खणले, पाइप पुरले. पाणी आधी एका टाकीत निवळायचे, मग वाळूतून झिरपायचे, मग कर्दळीच्या वाफ्यांतून जायचे, आणि शेवटच्या हौदातून उताराने ओढ्यापलीकडच्या भेंडीच्या वाफ्यांना पोचायचे. वेगवेगळ्या तालुक्यांची गावे एका कागदावर सह्या करतात, हे त्या भागात कुणी पाहिले नव्हते.

पण पिंपळटेपच्या लोकांना एक शंका होती. दिवाळीत शाळेला सुट्टी लागली की सांडपाणी बंद, मग भेंडीची रोपे जगायची कशी? तेव्हा असे ठरले की पिण्याचा नळ आणि भेंडीचा नळ एका आखूड पाइपाने जोडायचा. सुट्टीत खैरोलीने विहिरीचे थोडे पाणी उसने द्यायचे. एरवी ती वाट घट्ट बंद ठेवायची. मला जुन्या जागेवरून काढून त्या जोडपाइपात बसवले.

माझ्यावर नारळ फोडला, चाकाला कुंकू लावले. लोक हसत होते आणि मी घाबरलो होतो. माझ्या एका बाजूला मुलींच्या पिण्याचे पाणी होते, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच आंघोळीचे. मध्ये फक्त माझी पाती होती.

पहिली काही वर्षे सगळे ठीक चालले. पिंपळटेपची भेंडी कल्याणच्या बाजारात जाऊ लागली. दुरून लोक योजना बघायला यायचे. हौदातले निवळशंख पाणी ओंजळीत घेऊन म्हणायचे, "हे आंघोळीचं पाणी आहे, असं वाटतसुद्धा नाही." मला मात्र तेच नको होते. जे पाणी चांगले दिसते, ते कुणीतरी पिईल, ही धास्ती मला होती.

ठरावात लिहिले होते, 'देखभाल तिघांनी मिळून करावी.' मित्रांनो, तिघांचे काम म्हणजे कुणाचेच काम नाही. वर्षातून एकदा मला खोलून आतून साफ करायला हवे होते. खैरोलीला वाटले शाळा करील, शाळेला वाटले पिंपळटेप करील. धाऊ वरून चाक पुसायचा. आत कुणी पाहिलेच नाही.

२००२ च्या दिवाळीत मला उघडले. त्या साली पाऊस कमी झाल्याने विहीर तळाला गेली होती. पाण्याबरोबर गाळ आला, आणि त्यात हरभऱ्याएवढा एक खडा. धाऊने मला बंद केले तेव्हा तो खडा खाचेत अडकला आणि माझी पाती त्याच्यावर टेकली. चाक थांबले. धाऊला वाटले, बंद झाला.

मी बंद झालो नव्हतो. करंगळी शिरेल एवढी फट राहिली होती.

पिण्याचा नळ भरलेला असे तेव्हा त्याचा जोर जास्त. पण तास संपला की तो नळ रिकामा व्हायचा, आणि भेंडीचा नळ तर कायम भरलेला. मग त्या फटीतून पाणी सरकू लागायचे, चुकीच्या दिशेने. रोज, थोडे थोडे. मला ते जाणवत होते. मी अडवू शकत नव्हतो, ओरडू शकत नव्हतो. सकाळी धाऊ येई, माझ्याकडे बघे आणि समाधानाने पुढे जाई. त्याच्या त्या विश्वासाने माझा जीव गोठायचा.

मार्चमध्ये होळी झाली. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या चौदा मुलींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. रविना नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची अवस्था सगळ्यांत वाईट होती. तिला जीपमध्ये घालून शहापूरच्या दवाखान्यात नेले. जीप माझ्या जवळूनच, ओढ्याकाठच्या रस्त्याने गेली. मागे बसलेली तिची आजी, सकुबाई, तिचे डोके मांडीवर धरून एकच म्हणत होती, "डोळे उघड गो. माझ्याकडं बघ."

ते ऐकून मला वाटले, मी फुटून जावे.

डॉक्टरांनी सांगितले, हे पाण्यातून झाले आहे. मुख्याध्यापिका प्रेमाबाईंनी त्याच दिवशी पाणी उकळून द्यायला सुरुवात केली. मग दोन्ही गावांची माणसे माझ्याजवळ जमली, आणि भांडण सुरू झाले. खैरोलीवाले म्हणाले, शाळेची टाकी घाण आहे. शाळा म्हणाली, विहीर घाण आहे. पिंपळटेपवर आरोप झाला की त्यांनी नळ फोडला. खैरोलीचे ग्रामसेवक हरेश शेवटी म्हणाले, "हे सांडपाण्याचं प्रकरणच बंद करू. कागद फाडून टाकू."

धाऊने वाकून माझे चाक आवळले. ते तसूभरही हलले नाही. "भाऊसाहेब, हा तर बंदच हाय," तो म्हणाला. "इकडून काय येनार नाय."

सगळ्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. आता सांडपाण्याची योजना मोडेल, विहिरीत औषध टाकतील, शाळेची टाकी धुतील, आणि मी इथे तसाच राहीन. निचरलेले पाणी हौदात उरेल, आणि माझ्यातून सरकत राहील.

तेवढ्यात सकुबाई आली. रविनाजवळ तिची आई बसली होती, म्हणून ती कपडे न्यायला घरी आली होती. तिचा पाडा पिंपळटेपचा, भेंडीचे दोन वाफे तिचेही होते.

"चाक आवळून काय कलनार रे धाऊ?" ती म्हणाली. "आठ दिस झाले, रविना सांगत व्हती, आजी, सकालच्या पान्याला कर्दलीच्या वाफ्यासारखा वास येतो. मीच ऐकला नाय तिचा."

"मग काय करायचं मावशी?" हरेशने विचारले.

"शालेत होलीचा रंग उरलाय का?"

प्रेमाबाई म्हणाल्या, "आहे. गुलाबी, पाच-सहा पुड्या."

"तो भेंडीच्या हौदात टाका. नि संध्याकालचे पानी सुटेल तवा नलाखाली भांडा धरा. रंग आला तर चोर घरातला हाय."

सकाळचे पाणी संपले होते. दहा वाजता रंग हौदात पडला. थोड्याच वेळात तो माझ्यापर्यंत आला. मित्रांनो, त्या दिवशी मी दोन गोष्टींना भीत होतो. रंग पलीकडे गेला तर अकरा वर्षे ज्याने मला पुसले, त्या धाऊसमोर मी गुन्हेगार ठरणार होतो. आणि गेला नाही तर उद्या आणखी एखादी रविना जीपमध्ये झोपणार होती. मी पहिल्यांदाच माझ्या फटीला म्हणालो, जाऊ दे, सगळा जाऊ दे.

पाच वाजता शाळेच्या नळाखाली धाऊनेच स्टीलची कळशी धरली. तिच्यात पडलेले पाणी गुलाबी होते. हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळले, कारण तो पाना घेऊन सरळ माझ्याकडे आला, मागोमाग सकुबाई. दोन्ही नळ रिकामे करून त्याने मला खोलले. खडा त्याच्या तळहातावर पडला. तो म्हणाला, "सकूमावशे, मी रोज बघत व्हतो गो. वरून."

सकुबाईने त्याच्या हातातला पाना घेऊन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिघांची बैठक भरली. हरेशने विचारले, "मावशी, तुमची नात दवाखान्यात आहे. तुम्ही सांगा, बंद करायचं ना?"

"भेंडीच्या पान्यावर आमचा पोट हाय, ता नको बंद करू," ती म्हणाली. "पन पिन्याच्या पान्याशी त्याची सोयरीक नको."

जोडपाइप कापला, दोन्ही तोंडे कायमची बुजवली. सुट्टीत पाणी उसने द्यायचेच तर हौदात वरून, सगळ्यांना दिसेल असे ओतायचे ठरले. आणि 'तिघांनी मिळून' हे शब्द खोडून तिथे तीन नावे लिहिली: धाऊ, सकुबाई, प्रेमाबाई. दर महिन्याला या तिघांनी सगळी लाइन चालून बघायची. नवव्या दिवशी रविना परत आली. ती काठीसारखी वाळली होती, पण चालत आली.

माझे काय झाले? धाऊ मला घणाने फोडणार होता. पण मी सरकारी माल. कागदपत्र झाल्याशिवाय मोडता येत नव्हता. सहा वर्षे मी गोदामात होतो. २००९ साली लिलावात भंगाराबरोबर इथे आलो. खड्याने माझ्या खाचेला कायमचा ओरखडा पडला आहे. मी आता कधीच पूर्ण बंद होणार नाही.

काल भंगारवाल्याने मला घासले. निळा रंग दिला. चाक फिरवून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "बघा, एकदम चालू माल."

मित्रांनो, तुमच्या गावातले वापरलेले पाणी पुन्हा वापरा, ते सोने आहे. गावांनी एकत्र या. पण प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहा, आणि वरून बंद दिसणाऱ्या वस्तूला आतून उघडून बघा. आणि मी कुठे दिसलो, निळा, चकचकीत, तर मला विकत घेऊ नका. मला भट्टीत टाका.