शेवटच्या फेरीची घंटा

कोर्टात सगळे त्यांना 'पळते वकील' म्हणत, आणि वकीलसाहेबांना ते मनापासून आवडायचं. आठशे मीटरची चार पदकं त्यांनी ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांसमोर अशी मांडली होती की पुस्तक काढायचं तर आधी पदकं हलवावी लागत. पुस्तकं त्यामुळे जागीच राहत.

धावायला शिकवलं ते आत्याने. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि निवृत्त झाल्यावरही गळ्यात स्टॉपवॉच अडकवून सार्वजनिक मैदानावर मुलींना पळवायची. आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. दुसरी सुरू होताना घंटा वाजते. ती वाजली की डोकं बंद आणि पाय सुरू, हे तिने भाच्याच्या अंगात पुरतं मुरवलं होतं.

त्याच मैदानावर नगरपालिकेला पार्किंग बांधायचं होतं. वकीलसाहेबांनी कोर्टातून स्थगिती आणली, सभागृह ठराव करेपर्यंतची. पेपरात फोटो झळकला आणि दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी पक्षाचे पुढारी भाऊ पेढ्यासारखं गोड हसत घरी आले. बाहेरून किती दिवस भांडणार, आत या, म्हणाले. प्रचाराच्या पोस्टरवर वर काळा कोट होता आणि खाली धावायची चड्डी. लोकांनी हसत हसत निवडून दिलं.

पार्किंगचा ठराव भाऊंच्याच पक्षाने आणला. तुमच्यावर सक्ती नाही, मनाला पटेल तसं करा, असं भाऊ मोठ्या मनाने म्हणाले, आणि बांधकाम समितीचं अध्यक्षपद रिकामं असल्याचंही जाता जाता बोलले. वकीलसाहेबांनी आत्याला शब्द दिला, "बाजूने असतील ते उभे राहतील. मी खुर्चीतून हलणार नाही." एका मताने निकाल लागणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सभा चार तास चालली. गटारांच्या झाकणांवरच दीड तास गेला. वकीलसाहेबांचा डोळा लागला, आणि अध्यक्षांनी मतदानाची घंटा वाजवली.

वकीलसाहेब ताडकन उभे. सभागृहात सगळ्यांच्या आधी.

वर प्रेक्षकांत आत्या बसली होती. तिला पाहून वकीलसाहेबांना पुरती जाग आली. अर्थात, आकडा जाहीर होईपर्यंत सदस्याला मत बदलता येतं. हा नियम इतर नव्या सदस्यांना वकीलसाहेबांनीच समजावून सांगितला होता. कारकून डोकी मोजू लागला, मध्येच चुकला, चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून भाऊंनी वळून पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली. वकीलसाहेबांनी तोंड मिटलं. ठराव एका मताने मंजूर झाला.

जिन्यात त्यांनी आत्याला गाठलं आणि बाजू मांडली. शरीराची सवय, झोपेतली हालचाल, हेतूचा पूर्ण अभाव. कोणतंही कोर्ट निर्दोष सोडेल, इतकी मुद्देसूद. बोलताना मात्र तिच्याकडे बघवत नव्हतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग स्टॉपवॉच त्यांच्यापुढे धरलं.

"घंटेला उठलास, ते माझ्यामुळे," ती म्हणाली. "त्यानंतर दोन मिनिटं चार सेकंद उभा होतास. ते मी नाही शिकवलं."