वाघजाईचा कोंबडा

उंबरढेणला जायला आता तिकीट लागतं. आमच्याच गावाला. लाँचमध्ये बसायचं, अंगात नारिंगी जाकीट घालायचं आणि जनावरं बघायची. सफारी म्हणतात त्याला.

आमचं गाव दोनदा उठलं. पहिल्यांदा विजेसाठी. कोयनेचं पाणी चढलं, खालची भातखाचरं बुडाली, माणसं डोंगरावर सरकली. दुसऱ्यांदा वाघासाठी. अभयारण्य झालं आणि आम्हाला भांड्याकुंड्यासकट ट्रकात घालून सांगलीकडच्या माळावर आणून टाकलं. गाव उठेपर्यंत गावात वीज आली नव्हती, आणि वाघ मी अजून बघितलेला नाही.

मी आता माधवनगरात यंत्रमागावर काम करतो. त्या दिवशी रजा टाकून गेलो ते चुलतीपायी. बनुबाई तिचं नाव. एसटीत तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत पाय बांधलेला लाल कोंबडा.

झालं होतं असं. तिचा नातू शिवतेज सैन्याच्या भरतीत दोनदा मागं पडला. तिसऱ्या वेळी काकीनं कुणाला न विचारता नवस बोलला, "वाघजाई, पोराला पलटणीत घे, तुज्या दारात कोंबडा सोडीन." पोरगं घेतलं त्यांनी. आणि मग म्हातारीच्या ध्यानात आलं की वाघजाईचं दार राहिलं कोयनेपलीकडं, जिथं आता आपल्याला पाऊल टाकता येत नाही. आमच्या वसाहतीत वाघजाईचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं सोड म्हटलं तर म्हणाली, "ती बोलाचालायला बरी हाय. पर दार तिकडंच." आणि शिवतेजला सांगून ठेवलं, कोंबडा सुटल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. पोराला आईबाप नाहीत, हिनंच वाढवला. तो बॅग भरून बसला होता. उद्या बेळगावला हजर झाला नाही तर नाव कटणार होतं.

धक्क्यावर गाइड म्हणून उभा होता जयराज. आमच्याच गावच्या गुरवाचा पोरगा. वाघजाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. आता अंगावर हिरवा शर्ट, खिशावर वाघाचं चित्र. काकीला बघून त्याचा चेहराच उतरला.

"काकी, तुमी? कशाला आलायसा?"

"जनावरं बघाय," काकी म्हणाली. "का, आमी बघू न्हाई व्हय?"

"बघा की. पर खाली उतरायचं न्हाई. उतरलं कुनी तर माजी नोकरी जाती. आदीच सांगतो."

"तुजं बारसं माज्या वसरीवर झालंय रं. नोकरीचं मला नको सांगू."

लाँच चालवायला निजाम मुलाणी. आमच्या गावाला पूर्वी जी लाँच यायची ती त्याचा बाप चालवायचा, मग हा. त्यानं पिशवीकडं एकदा बघितलं आणि सगळं ओळखलं. गावात वाघजाईचं जनावर कापायचा मान त्याच्या घराचा होता. हळूच म्हणाला, "काकी, सुरी आनू का?"

"सोडायचा हाय मेल्या, कापायचा न्हाई!"

"मग माजा वाटा बुडला म्हनायचा."

बाकी प्रवासी म्हणजे पुण्याचं एक जोडपं. नवऱ्याच्या डोक्यावर टोपी, हातात केवढा थोरला कॅमेरा. बायकोच्या गळ्यात दुर्बीण. माणसं वाईट नव्हती. त्यांनी काकीला सावलीतली जागा दिली.

लाँच सुटली. इंजिनाचा तो आवाज कानावर आला आणि मला भडभडून आलं. खोटं कशाला बोलू? ह्याच आवाजावर आम्ही वाढलो. काठावरून कुणी हाळी दिली की लाँच वळायची. टपावर शेरडं, आत फणसांचा वास, डिझेलचा वास, ओली घोंगडी. काकी नवरी होऊन आली ती लाँचनं. अडलेली बाई ह्याच पाण्यावरून दवाखान्यात जायची, कुणी वाटेतच बाळंत व्हायची. तेव्हा बाप्ये तोंड फिरवून डोंगराकडं बघत बसायचे. जनावरं तेव्हाही काठावर असायची. तिकडं मान वळवायला कुणाला सवड होती?

आता बघत होतो. वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, भिजलेलं धोतर वाळत घालावं तसे. ब्राह्मणी घार पाण्यावरून मासा उचलून गेली. एका वळणावर चार-पाच पाणमांजरं खडकावर लोळत होती. एकानं मासा धरला, दुसऱ्यानं हिसकला, पहिलं त्याच्या कानाशी जाऊन बोंबललं.

"आगं बया," काकी तोंडाला पदर लावून हसली. "आमच्या जावा-जावाच जनू."

टोपीवाल्याचा कॅमेरा थांबेना. मीही पुढं झुकलो होतो. राग राग म्हणून माणूस किती वेळ मान वाकडी ठेवणार?

मग जयराजनं भाषण सुरू केलं. पाठ केलेलं, शाळेतल्यासारखं. "या खोऱ्यात मानवी वस्ती कधीच नव्हती. त्यामुळे इथलं जंगल अस्पर्श राहिलं आहे."

माझी टाळकीच सरकली. "जयराज, भडव्या, काय बोलतोस? तुजी नाळ कुठं पुरलीय रं?"

"अर्जुना, गप," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लिवून दिलेलं बोलाय लागतंय मला. पोटाचं बघू का तुज्या रागाचं?"

तेवढ्यात पिशवीतून आवाज आला. क्वॉक्. दुर्बीणवाली ताडकन उठली. "ऐकलंत? रानकोंबडा! कुठल्या बाजूला?"

जयराज कसनुसा झाला. "त्या... त्या बाजूला. आत असतील." ती बिचारी झाडी शोधत राहिली. निजाम मात्र सुकाणूवर डोकं टेकून खिदळत होता.

आमचा उतार दिसला, पूर्वी लाँच लागायची ती जागा. घरं नव्हती, जोत्यांवर कारवी माजली होती. पण काकीचा फणस उभा होता, अंगाखांद्याला फळं लगडलेला. वर वाघजाईची राई, काळी हिरवी. आणि फणसाखाली, काकीच्या नाचणीच्या तुकड्यात, गवे. पाच-सहा मोठे, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, मध्ये तांबूस वासरू. निजामनं इंजिन बंद केलं. लाँच आपसूक काठाकडं सरकत गेली.

"निजामभाई, इंजिन लावा," जयराज म्हणाला.

"तापलंय रं. निवू दे."

काकीनं पिशवी उघडली. कोंबडा बाहेर काढला, पायाची दोरी सोडली, आणि लाँचच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. काठ दोन हातांवर. पुण्याच्या जोडप्याला काय चाललंय कळेना.

जयराज आडवा आला. "काकी, पाया पडतो. न्हाई."

"सर बाजूला. माजा नातू आडकलाय."

"कोंबडा सोडाय मना हाय."

"सोड तू काकी," मी ओरडलो. "बघतो कोन आडवतंय. समदं गाव घेतलंसा, एक कोंबडा जड झाला व्हय रं तुमाला?"

"नोकरीचं ऱ्हाऊ दे!" जयराजचा आवाज फाटला. "काकी, मागच्या साली आपल्या वसाहतीत कोंबड्यांवर मर आलीवती का न्हाई? ती ह्याच्या अंगात असंल तर रानात जाईल. रानकोंबड्या पटापटा मरतील. वाघजाईच्या दारात. चालंल तुमाला?"

राग आला म्हणून माणूस बरोबर असतोच असं नाही. मर आली होती हे खरं होतं. काकीच्याच खुराड्यातल्या निम्म्या गेल्या होत्या.

काकी कोंबडा छातीशी धरून थांबली. वासरू आईच्या पोटाखाली ढुशा देत होतं. ती तिकडं बघत राहिली.

"मग काय करू रं?" ती म्हणाली. आवाजात पहिल्यांदा म्हातारपण आलं. "पोराला काय सांगू? जाऊ नगं म्हनू?"

मग तिनं जयराजकडं नीट बघितलं, शर्टावरच्या वाघापासून पायातल्या बुटापर्यंत. "गुरवाच्या वटीत घातलं की आईला पोचतं. तुजा आज्जा घ्यायचा की न्हाई?"

"घ्यायचा."

"मग घे. आनि गाऱ्हानं घाल. तिला ऐकू जायला पायजे."

जयराजनं प्रवाशांकडं बघितलं. मग राईकडं. बूट काढले, कोंबडा बगलेत घेतला. आणि त्याच्या गळ्यातून त्याच्या आज्ज्याचा आवाज निघाला.

"हे माजे वाघजाई आई! उंबरढेणच्या पांढरीची रयत आज तुज्या दारात आली हाय!"

"व्हय!" मी आणि निजाम एकदमच म्हणालो. तोंडानं आपोआप म्हटलं.

"शेलारांची घरं, साळुंख्यांची घरं, गुरवाचं घर, मुलाण्याचं घर! पान्यात गेली ती, माळावर गेली ती, समद्यांची राखन कर!"

"व्हय!"

"बनुबाईनं नवस फेडलाय. पोराला वाट मोकळी कर. त्याच्या पाठीशी ऱ्हा!"

"व्हय!"

गवे उधळले. कारवी मोडत, जोती तुडवत वर राईत शिरले, वासरू सगळ्यात मागं. टोपीवाल्याच्या हातात कॅमेरा तसाच राहिला.

"अहो, तुम्ही तर म्हणालात इथं वस्ती कधीच नव्हती," त्याची बायको हळूच म्हणाली.

"होती," जयराज म्हणाला. "ते समोर फनसाचं झाड हाय ना, ते ह्या काकीनं लावलंय." आणि तिथून परतीच्या वाटेला त्यानं घर न घर दाखवलं. धक्क्यावर जाऊन टोपीवाला तक्रार करणार की नाही, त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. जयराज कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत बोलतच राहिला.

धरणाची भिंत दिसली तशी मोबाइलला रेंज आली. काकी म्हणाली, "पोराला लाव."

मी लावून दिला. तिनं फोन कानाला उलटा धरला, मी सुलटा केला.

"शिवतेज? झालं रं. जा तू." पलीकडनं पोरगं काहीतरी विचारत होतं. "व्हय, व्हय. दारातच. आरं हाय की समदं जाग्यावर. फनस लय धरलाय." ती थांबली, पदरानं नाक पुसलं. "सकाळची गाडी चुकवू नगंस. आनि हे बघ, मी येऊस्तवर थांबू नगं. रातची येष्टी गावंल न गावंल, आमाला उशीर हुईल."