बारा जणींचं खळं

चारकोपच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्याचं खळं आहे, म्हणजे जवळा सुकवायची मोकळी जागा. आमच्या सासवांनी आणि त्यांच्या सासवांनी तिथेच उन्हात पाठी भाजून घेतल्या, पण सरकारी कागदावर खळ्याला मालकीण नाही. म्हणून गावकमिटीचे अध्यक्ष तुळशीदासकाका, माझे चुलत सासरे, जागा पडीक आहे असं लिहून द्यायला निघाले होते. शेजारच्या टॉवरला पार्किंग हवं होतं आणि काकांना त्याच टॉवरमध्ये फ्लॅट. मग आम्ही जवळा कुठे सुकवायचा? काका म्हणाले, गच्चीवर. आमच्या घरांना पत्रे आहेत.

अशा वेळी अंधेरीहून जान्हवी मॅडम आल्या. त्यांच्या संस्थेने मूळनिवासी बायकांना जमिनीचा हक्क मिळवून देणारं अ‍ॅप काढलं होतं, नाव ‘भूसखी’. बाईने फोन हातात धरून आपल्या जागेच्या कडेने चालायचं, अ‍ॅप नकाशा काढून भूमापन कार्यालयात धाडणार. त्याला बाईचाच चेहरा लागतो, पुरुषाचा चालत नाही, हे सांगताना मॅडमना भरून आलं. सोबत फोटोग्राफर होता. त्याने सगळ्यांना नऊवारी नेसायला सांगितलं. राधाकाकी, म्हणजे तुळशीदासकाकांची बायको, गाऊनवरच आली, म्हणून तिला मागे उभं केलं.

पहिली माझी सासू, कमळ.

“तुमची जागा कुठून कुठपर्यंत?” मॅडमनी विचारलं.

“ही सगळी,” म्हणत आई अख्ख्या खळ्याला फेरी मारून आल्या. मग राधाकाकी गेली, तीही सगळं खळं चालून आली. मग मी. आमच्यात कुणाचा वेगळा तुकडा नसतो. जिचा जवळा आधी येतो, होडीचा असो की विकतचा, ती आधी पसरते, कुणाकडे सुतक असलं तर बाकीच्या तिचाही पसरतात. विचारलं तर खरं तेच दाखवणार ना? बाराही जणी अख्खं खळं चाललो.

संध्याकाळी स्क्रीन लालभडक. बारा नकाशे एकावर एक बसलेले, खाली शेरा: हक्क वादग्रस्त, दावेदार बारा. अ‍ॅप भलतंच तत्पर, कुणाला न विचारता ते कार्यालयात पोचवूनही मोकळं झालं.

“अहो, एक स्त्री, एक प्लॉट असतं,” मॅडम रडवेल्या झाल्या.

“प्लॉट कुठून आणायचे बाय?” आई म्हणाल्या. “आमच्याकडे नुसती जागा आहे.”

बायका आपसात भांडणार म्हणून काका खुशीत होते. थोड्याच दिवसांत त्यांचा चेहरा पडला. टॉवरच्या बिल्डरच्या वकिलाने कळवलं, पडीक म्हणालात, इथे तर बारा जणी हक्क सांगतात. वाद मिटल्याशिवाय सही नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिला एक मालकीण मिळाली नव्हती, त्या जागेला एका संध्याकाळी बारा मिळाल्या, त्याही चुकून. मी त्या दिवशी घरात एकटीच नाचले.

पण संस्थेला चूक सहन होईना. मॅडम अ‍ॅपमध्ये नवीन बटण घेऊन आल्या, ‘वाद मिटवा’. बाराही जणींनी चेहरा दाखवून ते दाबलं की खळ्याचे बारा सारखे तुकडे, एकेक एकेकीच्या नावावर. आणि तुकडा नावावर झाला की विकायला मोकळा. हे मॅडमच्या डोक्यात आलं नाही. काकांच्या लगेच आलं.

काका घरोघर फिरले. होड्यांच्या डिझेलचा कोटा त्यांच्या सहीने येतो. त्यांनी धमकी दिली नाही, फक्त प्रत्येक घरी होडी कशी चाललीय विचारलं.

ठरल्या दिवशी देवळाच्या ओट्यावर आम्ही एकेक करून फोनसमोर तोंडं दाखवली. आईंनी दाखवलं, मीही. होडी आमचीही आहे. मला स्वतःची आणि फोनची, दोघांची किळस आली. मॅडम प्रत्येकीला टाळ्या वाजवत होत्या, काका पेढे वाटत होते.

शेवटी राधाकाकी राहिली. तिच्याकडे काका गेलेच नव्हते. घरच्या बाईला काय विचारायचं?

“चल गं, आटप,” म्हणत त्यांनी फोन तिच्या तोंडासमोर धरला.

राधाकाकीने डोळे मिटले.

“कृपया डोळे उघडा,” फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

“राधा, नाटकं नकोत.”

ती हलली नाही. काकांनी फोन जवळ नेला, लांब नेला, वाकडा केला. फोन आर्जवं करत राहिला. शेवटी काका स्वतःच्याच तोंडासमोर धरून बसले, तर फोन म्हणाला, “हा चेहरा नोंदणीकृत नाही.”

ओट्यावर हसू फुटलं. मॅडमनी झटकन फोन काढून घेतला.

“डोळे मिटून किती वेळ बसणार आहेस?” काकांनी दात खात विचारलं.

“जवळा सुकेपर्यंत,” राधाकाकी म्हणाली. “तुम्हाला डिझेल कुणाचं बंद करायचंय? आपल्याकडे होडी आहे का?”

मॅडम निघून गेल्या. संस्थेच्या अहवालात आमचं गाव अपयशी म्हणून आलंय, असं ऐकते. राधाकाकीचा जवळा आज मीच पसरला, ऐन उन्हात. अ‍ॅपवर खळं अजून लालच आहे.